लाल गाडीच्या खोडी

“डाव्या अंगानं जाऊ नकोस हिच्या, लाथ घालती. दूध काढताना कुणीतरी गायला पायजे; गप बसून काढशील तर पान्हा चोरती. वादळाची चाहूल लागली की दावं तोडून पळती. सगळं सांगितलं. आता बोल, घेतोस का?”

हरिलाल आजाचा आवाज. त्रियोले गावच्या अंगणातला, उसाच्या पाचटाचा वास लागलेला, खालच्या पट्टीत सुरू होऊन शेवटच्या शब्दावर जरा वर चढणारा. आजा गेला, अंगण दुसऱ्याचं झालं, पण कृष्णदेवच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. तांबडी गाय विकायची होती. आजाने तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि शेपटाकडून शिंगांकडे फिरत तिची एकेक खोड मोठ्याने सांगितली. घेणाऱ्याला, आणि कुंपणापलीकडे जमलेल्या वस्तीलाही. हात जनावराच्या अंगावर असला की जिभेला खोटं बोलवत नाही, असं आजा मानायचा. खोडी संपल्या की घेणाऱ्याने एकच विचारायचं: का विकतोस? त्याचं खरं उत्तर दिल्याशिवाय दावं सोडायचं नाही. आणि सोडलेलं दावं जनावराबरोबर धाडायचं नाही. ते आपल्याच घरी खुंटीला राहायचं, म्हणजे घराची बरकत घरात राहते.

खोडी कृष्णदेवला पाठ होत्या. आजाने शेवटी काय उत्तर दिलं, तेवढं मात्र आठवत नव्हतं. तेव्हा तो आवाज एकाएकी खाली गेला होता.

आणि आज, बो बासें गावातल्या घरात, सरकारी खजिन्यातला हेडक्लार्क कृष्णदेव हातात पाना घेऊन उभा होता, आणि त्याचे वडील तेच म्हणत होते.

“खोडी झाकून विकायची न्हाई,” सत्यनारायण म्हणाले. “सांगून विकायची.”

“बाबा, ती गाय होती. ही लोतो आहे, मोटारगाडी.”

“हिलापण दावं हाय,” म्हाताऱ्याने हात पुढे करून बॉनेटवरचा चामडी पट्टा चाचपला. “बघ.”

पत्र्याच्या गाराजमध्ये गाडी उभी होती. दोघांपुरती, बिनछपराची, लालभडक. नाक लांब, पाठ आखूड, आणि पुढचे दोन दिवे असे बाहेर आलेले की नव्या नवरीने घुंगटातून डोळे मोठे करून बघावं. बॉनेट उडू नये म्हणून त्यावरून एक रुंद चामडी पट्टा आवळलेला. कृष्णदेवने ती कितीदा पाहिली होती, तरी गाराजचं दार उघडलं की त्याचा श्वास अजून क्षणभर अडायचा. एवढ्या साध्या घरात असली वस्तू आलीच कशी, हे कोडं त्याला कधी सुटलं नव्हतं.

सत्यनारायणांनी जन्मभर रस्ते मोजले होते. बांधकाम खात्यातली नोकरी. सायकलला मोजणीची साखळी बांधून हा माणूस बेटाचा निम्मा भाग वळणावळणाने मोजत फिरला. शब्दाला भारी कंजूष. बायकोला ‘अगं’ आणि मुलांना ‘हं’, एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. असा माणूस निवृत्त होईल आणि जागेचा तुकडा घेईल, असं सगळ्यांनी धरलेलं. त्यांनी विलायतेला परत निघालेल्या इंजिनिअर साहेबाची ही गाडी घेतली. ज्यांनी रस्ते पावलापावलाने मोजले, ते आता तेच रस्ते वाऱ्यावर घेणार होते. त्या दिवशी आख्खी गल्ली फाटकाशी लोटली होती. अनुसयाने दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं, चाकाखाली नारळ ठेवला, आणि डोक्यावर पदर घट्ट खोचून नवऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. गाडी गुरगुरली. आणि कुणी कधी ऐकलं नव्हतं ते झालं: अनुसया गायला लागली.

तिने जात्यावरच्या ओव्या कधीच सोडल्या होत्या. पीठ दुकानातून यायला लागलं, जातं परसात पालथं पडलं, ओव्याही पडल्या. पण इंजिनाची ती जाड, गोल घरघर कानी पडली आणि जणू कुणी पुन्हा खुंटा हातात दिला. तेव्हापासून ती गाडीत बसली की गायची, उतरली की गप्प. गल्लीतले हसायचे, मग ऐकायला थांबायचे.

---

त्याच शनिवारच्या दुपारी चंद्रिकेने व्हॅनिला घातलेला चहा आणि गरम गातो-पिमांची, मिरची घातलेल्या डाळवड्यांची, ताटली आणून ठेवली, तेव्हा व्हरांड्यात वाद चांगलाच पेटला होता.

“चारच तर कामं आहेत,” कृष्णदेव म्हणाला. “डावा मडगार्ड वाजतो, बोल्ट आवळायचा. काचेच्या चौकटीला फट आहे, त्यातून शीळ येते. रबराची पट्टी घालायची. गिअरच्या मुठीला चीर आहे, मूठ बदलायची. आणि डावं दार आतून उघडत नाही. एका सकाळचं काम. उद्या फिनिक्सहून तो प्रेमचंद येणार. औषधांचं दुकान आहे त्याचं, माणूस हौशी आहे, पण म्हणून त्याला खुळखुळा विकायचा?”

“बरोबर आहे यांचं,” चंद्रिका नवऱ्याच्या बाजूने बोलली. “पाहुणा दार ओढणार आणि दार उघडणारच नाही. लाज आपल्याला.”

“दार बाहेरून उघडतं, वहिनी,” चंद्रकला म्हणाली. कृष्णदेवची ही धाकटी बहीण शाळेत शिकवायची आणि रविवारी देवळात मुलांना मराठीची अक्षरं गिरवून घ्यायची. कुणाचंही वाक्य दुरुस्त करायची तिला सवय. “बाबा उतरून, फिरून येऊन आईसाठी उघडतात की. सगळं बो बासें बघतं. बायका आपल्या नवऱ्यांना सांगतात, शिका जरा.”

अनुसयाने पदर तोंडाला लावला. चंद्रिका हसली.

“हे एकदा तरी असं उघडतील म्हणून मीही आमचं कपाट बिघडवून पाहिलं,” ती म्हणाली. “यांनी सुतार आणला.”

सत्यनारायणांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसणं होतं की काय, हे ठरायच्या आत विरलं.

“दुरुस्त करायचीच असेल तर मग विकायची कशाला?” चंद्रकलाने कप खाली ठेवला. “राहू दे की. दादा, खरं सांग, बाबांनी ठरवलं, की तू त्यांना ठरवायला लावलंस?”

 हा काटा कृष्णदेवच्या पायात रुतूनच होता. गणपतीला कास्कावेलहून पाहुणे आले होते, आणि पंगतीत कुणीतरी गाडीचा विषय काढला. तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणून गेला होता: ‘या वयाला ती शोभते का? ऑफिसात लोक मला विचारतात, तुझे वडील आहेत की सिनेमातला नट?’ सगळे हसले होते. बाबा मात्र मान खाली घालून भाताचा घास कालवत राहिले होते. आणि विसर्जन होऊन चार दिवस जातात न जातात तोच त्यांनी सांगितलं: गाडी काढायची. का, ते नाही. कृष्णदेवने दोनदा विचारलं, दोनदा ‘हं’ मिळालं.

आपल्या एका थट्टेने या माणसाची आयुष्यातली एकमेव चैन हिरावून घेतली, ही गोष्ट त्याला झोपू देत नव्हती. आता निदान ती मानाने जावी. घेणाऱ्याने आत बसताच ‘वाह’ म्हणावं, आणि ते बाबांनी ऐकावं. उद्या प्रेमचंदने नाक मुरडलं आणि गाडी गाराजमध्येच पडून राहिली, तर तो अपमानही बाबांच्याच पदरात पडणार होता. एवढ्यासाठी त्याला तो बोल्ट आवळायचा होता.

“बाबांनी ठरवलं,” तो एवढंच म्हणाला.

“मग त्यांच्या मनाप्रमाणे होऊ दे,” अनुसया म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा कडक होता. “पोरा, त्या गाडीला हात लावू नकोस. एवढं माझं ऐक.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. या बाईने घरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल कधी हुकूम सोडला नव्हता.

“आई, तू पण? खोडी सांगून आजाची गाय तरी गेली का?”

“गेली. घेणारा खूश होऊन घेऊन गेला,” सत्यनारायण म्हणाले. “खोडी ठाऊक असल्या की जनावराशी पटतं. नसल्या की लाथ बसती.”

“आणि आजाने कारण काय सांगितलं?” चंद्रकलाने विचारलं. “का विकतोस, असं विचारतात ना शेवटी?”

म्हातारा थोडा वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिला. म्हणजे, मान त्या दिशेला होती.

“म्हणाला, गाणारी गेली.”

 आजी त्याच हिवाळ्यात गेली होती. दूध काढताना तीच गायची. तिच्या आवाजावाचून गाय पान्हा सोडेना. कृष्णदेवला एकदम आजाचा तो खाली गेलेला आवाज आठवला, आणि त्या आवाजात हे शब्द अलगद जाऊन बसले, जसे काही तिथंच ठेवलेले होते.

चंद्रिका रिकामे कप गोळा करत होती. आत जाताना नवऱ्याच्या कानाशी ती हळूच म्हणाली, “राहू द्या नं. मला नाही आता ते बरोबर वाटत.”

“मघाशी तर माझ्या बाजूला होतीस.”

“मघाशी मला ते उत्तर ठाऊक नव्हतं.”

---

तरीही रविवारी सकाळी, बाबा देवघरात असताना, त्याने गाराजचं दार उघडलं.

नुसता बोल्ट, त्याने स्वतःला समजावलं. बोल्ट आणि पट्टी. मुठीला आणि दाराला हात लावायचा नाही. झाकणं वेगळं आणि आवळणं वेगळं. पाना फिरला, मडगार्ड गप्प झाला. रबराची पट्टी फटीत चपखल बसली. त्याने लाल पत्र्यावरून फडकं फिरवलं. कारोल वादळात आंब्याची फांदी पडून मागच्या बाजूला पोचा आला होता, तोसुद्धा उन्हात जरा उथळ वाटला. काम झालं की माणसाला जे हलकं वाटतं, ते त्याला वाटलं.

बाबा सदरा घालून आले. मागे अनुसया, नव्या अबोली लुगड्यात.

“एक फेरी,” बाबा म्हणाले. “फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत. तिथनं मागं.”

“एवढीच? बाल्फूर बागेपर्यंत जा की, धबधबा दाखवा आईला शेवटचा,” चंद्रकला व्हरांड्यातून म्हणाली.

“टोकापर्यंत,” अनुसया म्हणाली.

गल्ली मोकळी होती. चर्चमधली मिसा सुटायला वेळ होता, बस यायची नव्हती. बाबा बॉनेटवर तळहात ठेवून फिरून गेले, डावं दार उघडलं, अनुसयाला बसवलं, पुन्हा तसेच हात टेकत उजवीकडे आले. इंजिन घरघरलं. गाडी फाटकाबाहेर निघाली आणि अनुसयाचा आवाज तिच्या आधी गल्लीत उतरला.

डाव्या गं अंगाला, जास्वंदीची लाल भिंत
सरळ गं चाले वाट, नको मनामंदी खंत

कृष्णदेव फाटकाशी उभा होता. आज गाडी कशी चालली होती! खुळखुळाट नाही, शीळ नाही, लोण्यातून सुरी जावी तशी. त्याने बहिणीकडे पाहिलं, बघितलंस? पण चंद्रकला कपाळाला आठी घालून ऐकत होती.

“आईचा सूर चुकतोय,” ती म्हणाली.

गाडी डावीकडे सरकत होती. थोडी, मग आणखी. अनुसयाची ओवी घाईला आली, शब्द एकमेकांवर पडायला लागले, “उजव्या हाताला घ्या... उजव्या...” आणि तिथे सूर तुटला. पुढचं डावं चाक गटाराच्या काठावरून हळूच खाली उतरलं. गाडी कलली, एक उचकी दिली आणि थांबली.

कृष्णदेव धावला. दोघांना खरचटलंही नव्हतं. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर ठेवून बसून होते.

“कुणी हात लावला?”

“मी. बोल्ट आवळला, बाबा. आणि पट्टी घातली. मला वाटलं...”

“सैल कर.”

“पण बाबा...”

“होती तशी कर. पट्टी काढ.” आवाज चढला नव्हता. उलट त्या तांबड्या गाईच्या अंगणात आजाचा गेला होता तसा खाली गेला होता. “ती मुकी केलीस तू, पोरा.”

मग ते उतरले. बॉनेटवर तळहात ठेवून फिरून आले, आणि गटाराशी येऊन पावलाने काठ चाचपला. अंधारात पायरी शोधावी तसा. सकाळच्या लखलखीत उन्हात. पाय ठरला तेव्हा दार उघडून त्यांनी अनुसयाला हात दिला. तिने तो धरला, आणि उतरल्यावरही सोडला नाही.

शेजारच्यांनी मिळून गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. ती ढकलत घरी नेताना चंद्रिका नवऱ्याशेजारी आली.

“तुम्ही बघितलं का?” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही.” तिने मडगार्डवर हात ठेवला, काढला. “तुमचा पाना आणा. मी धरते, तुम्ही सैल करा.”

---

प्रेमचंद दुपारी आला, पांढरी पँट, चकचकीत बूट, अंगाला अत्तर. घर मराठी, पण फिनिक्सच्या दुकानात दिवसभर क्रेओल बोलून मराठी मागे पडलेली. ऐकलेलं कळायचं सगळं, बोलायला लागला की अधूनमधून पूल मोडायचा.

“तोंतों, बोंझूर!” क्रेओलमध्ये काका म्हणत त्याने सत्यनारायणांना नमस्कार केला आणि गाडी बघताच बोलायचा थांबला. ऊन कलतं होतं आणि लाल रंग नुसता पेटला होता. तो तिच्याभोवती एक अर्धी फेरी मारून परत आला आणि देवळात आल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिला. “मी हिला एकदा रोज हिल गावात पाहिली होती. आई गात होत्या. मी बस सोडली त्या दिवशी.”

“आत बसून बघा,” कृष्णदेव पुढे झाला.

“आधी खोडी,” सत्यनारायण म्हणाले.

त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला, पोच्यावर तळहात ठेवला. घरचे सगळे अंगणात उतरले. कुंपणापलीकडे शेजारी होतेच. सकाळपासून ते हललेच नव्हते.

“ही खोक,” बाबांनी सुरुवात केली, “कारोलनं दिली. आंबा पडला, पत्रा पडला, घराचं छप्पर उडालं. हिला एवढंच झालं. हिच्याकडं बघून मी छप्पर पुन्हा घातलं. ही भरू नकोस.”

तळहात सरकला. लाल पत्र्यावरून तो म्हातारा हात असा चालला होता की कृष्णदेवला आजाचा हात दिसला, गाईच्या पाठीवर केस बसवत जाणारा. बाबांना एवढं सलग बोलताना त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

“हा डावा मडगार्ड. तू रस्त्याच्या मधोमध असशील तर गप बसतो. कडेला गेलास, खडी लागली, की बडबडतो. जितका जवळ काठ, तितका मोठा आवाज. त्याला गप करू नकोस, तो सांगत असतो.”

प्रेमचंदने मडगार्ड हळूच हलवला. तो खुळखुळला. प्रेमचंद हसला, मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून हसायचा थांबला.

“ही काचेची फट. वेग घेतलास की शीळ घालती. आधी बारीक, चिमणीसारखी. मग जाड. जाड झाली की पाय उचल, काट्याकडं बघायची गरज न्हाई. ही गिअरची मूठ. हिची चीर अंगठ्याखाली आली की गाडी मोकळी. चीर बोटांकडं गेली की गाडी धरलेली. एवढं हाताला कळलं की डोळा रस्त्यावर राहतो.”

 कृष्णदेव ज्यांना बिघाड म्हणत होता ते हे होतं. सकाळी पाना घेऊन त्याने काय गप्प केलं होतं, हे त्याला हळूहळू, खालून पाणी चढावं तसं कळत होतं. पण अजून पुरतं कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं धैर्य होत नव्हतं. त्याने चंद्रिकेकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती सासूकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

“आणि हे दार,” बाबा डावीकडे आले. “आतनं उघडत न्हाई. बाहेरनं कुणीतरी यावं लागतं. ज्याला बसवशील, त्याला उतरवायला जावं लागतं.” ते थांबले. “ही खोड चांगली हाय. मोडू नकोस.”

कुंपणापलीकडे कुणीतरी खोकलं. कुठल्याशा घरातली कोंबडी चुकून अंगणात आली, गाडीखाली शिरली आणि पलीकडून निघून गेली. प्रेमचंद मान खाली घालून उभा होता. घासाघीस करायला आलेला माणूस आता काय करावं ते न कळल्यासारखा.

“मी यातलं काही बदलणार नाही, तोंतों,” तो म्हणाला. “मी हिला घेतो.”

कृष्णदेवला वाटलं, झालं. पण बाबा हलले नाहीत. तळहात पट्ट्यावर होता. ते वाट बघत होते.

“विचार की रे,” चंद्रकला हळूच म्हणाली. “शेवटचं विचारायचं असतं.”

“काय?”

“का विकता, ते.”

प्रेमचंदने बाबांकडे वळून, हातातली टोपी छातीशी धरून, अदबीने विचारलं:

“किफेर, तोंतों? का विकताय हिला?”

कृष्णदेवने मान खाली घातली. आता ते सांगतील, त्याला वाटलं. माझ्या मुलाला लाज वाटते, म्हणतील. हात गाडीवर आहे. खोटं बोलता येणार नाही. त्याने ते ऐकायची तयारी केली. सगळ्या गल्लीदेखत ऐकायची.

बाबांनी पट्ट्याचं बकल सोडलं. बोटांना घाई नव्हती. चामडी पट्टा सळसळत निघाला. त्यांनी तो घडी करून हातात घेतला आणि चाचपत दोन पावलं अनुसयाकडे चालले. एक पाऊल जास्त डावीकडे पडलं. अनुसया तोंडातल्या तोंडात, अगदी पुटपुटल्यासारखी गायली, “उजव्या गं हाताला...” आणि ते पाऊल तिथल्या तिथे वळलं, सरळ झालं, तिच्यापुढे येऊन थांबलं.

 डाव्या अंगाला जास्वंदीची भिंत. सरळ चाले वाट. चिंचेची साउली आली, हळू घ्या. भाजीवाली निघाली, थांबू द्या. वर्षभर रविवारामागून रविवार गल्लीभर ऐकलेल्या त्या ओव्या कृष्णदेवच्या कानात एकामागून एक उलगडत गेल्या. ती गात नव्हती. ती रस्ता वाचून दाखवत होती. जन्मभर ज्यांनी तो मोजला, त्यांना.

बाबांनी पट्टा तिच्या ओंजळीत ठेवला. गाडीवरचा हात सुटला होता, म्हणून त्यांनी तो तिच्या मनगटावर ठेवला, आणि मग प्रेमचंदच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

“माझ्या बापाची गाणारी गेली होती. माझी हाय. बघणारा गेला,” ते म्हणाले. आणि मग, मुलाला उद्देशून, साध्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “तुझ्या बोलण्यानं न्हाई विकत, कृष्णदेव. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाववाल्याची सायकल आडवी आली. ही ओवी सोडून किंचाळली, म्हणून तो वाचला. त्या दिवशीच ठरलं. मला दिसत न्हाई, पोरा. गेल्या उसाच्या तोडणीपासनं न्हाई दिसत.”